परीक्षणात आपटले, पण आपला जीव रमला : व्हिडिओ गेमचा अनुभव धागा

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, परीक्षणांचे गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ‘डेज गॉन’ला शंभरापैकी ७१ गुण आहेत. २०१५ सालच्या ‘मॅड मॅक्स’लाही सत्तरच्या आसपासच. गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर मात्र या दोन्ही गेमना खेळाडूंनी भरभरून कौल दिला आहे. अशी जोडी निघाली की भांडण ठरलेलं. एका बाजूला ‘समीक्षक विकले गेलेत’, दुसऱ्या बाजूला ‘पब्लिकला काय कळतं’. मला दोन्ही पटत नाही. परीक्षणात दाखवलेले दोष बहुतेक वेळा खरेच असतात, आपल्यालाही ते दिसतात, आणि तरी आपण रात्री दोनपर्यंत तोच गेम खेळत बसतो. हे कसं होतं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.

आकड्यांबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मेटाक्रिटिक वेगवेगळ्या परीक्षणांतल्या गुणांची सरासरी काढतं, त्यातही काही प्रकाशनांना जास्त वजन देतं. स्टीम गुण विचारतच नाही. तिथे प्रश्न एकच : हा गेम दुसऱ्याला सुचवाल का? सगळ्यांनी ‘दोष आहेत, पण घ्या’ म्हटलं तरी कौल शंभर टक्के होतो. त्यामुळे ७१ गुण आणि नव्वद टक्के पसंती यांची सरळ वजाबाकी करू नका. एकाच माणसाचं एकच मत या दोन ठिकाणी फार वेगळं दिसू शकतं.

तर लिहा. कोणता गेम, कुठे बसून, कोणासोबत खेळलात? परीक्षणातली कोणती तक्रार खरी होती? आणि ती खरी असूनही कशाने धरून ठेवलं? नुसतं ‘भारी गेम आहे’ लिहून थांबू नका.


अजिंक्यताऱ्याखाली

प्रोजेक्ट आयजीआय. माझ्या पिढीच्या साताऱ्यातल्या कुणालाही विचारा, हेच नाव येईल.

नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा हा गेम २००० च्या डिसेंबरात आला. तेव्हाच्या परीक्षणांत तीन तक्रारी हमखास होत्या : मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही, शत्रूच्या शिपायांना अक्कल कमी, आणि मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायची सोय, नाही. तिन्ही बरोबर. शिपाई खरंच धोपटमार्गी होते. कॅमेऱ्याने टिपलं की भोंगा वाजायचा आणि बराकीतून माणसं बाहेर पडायची, एवढीच त्यांची हुशारी.

पण सेव्ह नसण्याने काय व्हायचं बघा. शेवटच्या दारापाशी गोळी लागली की थेट पहिल्या कुंपणापासून सुरुवात. आम्ही सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसायचो, त्यामुळे प्रत्येक चूक खिशाला लागायची. साहजिकच आम्ही मिशन तोंडपाठ करायला लागलो. कोणत्या मनोऱ्यावर नेमबाज आहे, भोंग्याचं बटण कुठल्या खोलीत आहे, तारेवरून घसरत कुठे उतरायचं. आधी लांबच्या टेकडीवरून दुर्बिणीने अख्खा तळ न्याहाळायचा, मग नायक जोन्सच्या नकाशावर वरून बघायचा, मग पाऊल टाकायचं. गेमचं इंजिन, म्हणजे त्यामागचा सॉफ्टवेअरचा सांगाडा, मुळात त्याच स्टुडिओच्या लढाऊ विमानाच्या गेमसाठी बनलेलं, म्हणून एवढा मोकळा मुलूख दिसायचा. त्या काळातल्या बहुतेक गेममध्ये भिंती आणि बोळ सोडून काही नसायचं.

आणि मल्टिप्लेअर नव्हता म्हणता? एका खुर्चीमागे पाच-सहा पोरं उभी असायची. ‘डावीकडनं जा, शिडी हाय तिकडं’, ‘आरं थांब, गस्तीवाला फिरून येतोय’. माउस एकाच्या हातात, मिशन सगळ्यांचं. परीक्षण लिहिणारा माणूस घरात एकटा बसून खेळला असणार, त्याच्या हातात त्याच डिस्कमधून वेगळा खेळ आला. तो खोटं लिहीत नव्हता.


खोली_नंबर_विसरलो

वरच्या प्रतिसादाला जोडून, ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’. छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर असताना आमचं सगळं जग त्यात होतं.

२००६ च्या नोव्हेंबरात आलेला गेम. अधिकृत हक्क इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे, कारण तो अॅशेसच्या तोंडावर काढलेला. आपल्या खेळाडूंची नावं वाकडी-तिकडी. क्षेत्ररक्षक चेंडूकडे बघत उभे राहायचे. आणि सगळ्यात मोठं भोक म्हणजे एक-दोन फटके असे होते की वेळ साधली की षटकार ठरलेला. गोलंदाज कुणीही असो. कोणत्याही समीक्षकाने याला कमी गुण द्यायलाच हवेत.

आम्ही त्या भोकावर कायदा केला. एका षटकात तो फटका एकदाच, दुसऱ्यांदा मारला तर स्वतःहून विकेट टाकायची. पुढे कायदे वाढत गेले, पॉवरप्लेला वेगळा नियम, शेवटच्या पाच षटकांना वेगळा. वॉर्डनपेक्षा हे नियम जास्त पाळले जायचे. गेमने जे अर्धवट सोडलं होतं ते आम्ही आपसांत ठरवून पुरं केलं, आणि मला वाटतं म्हणूनच तो आमचा वाटायला लागला.

दुसरी गोष्ट पॅचची, म्हणजे गेममध्ये नंतर घालायच्या बदलांची. जगभरच्या हौशी लोकांनी जर्सी, खरी नावं, मैदानं, आयपीएलचे संघ असं सगळं बनवून टाकलं. पेनड्राइव्हवरून नवीन फोल्डर आलं की सगळ्या खोल्यांत पोचायचं. ईएने त्यानंतर क्रिकेटचा असा मोठा गेम काढलाच नाही, आणि तरी हा दरवर्षी नवा होत राहिला. परीक्षण झालं ते दुकानातल्या डबीतल्या गेमचं. आम्ही जो खेळत होतो तो त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता.

नंतर २०१४ मध्ये ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आला. फलंदाजी कितीतरी अस्सल, क्रिकेट म्हणून उजवा. पण आमचे जुने डबा संगणक तो पेलू शकत नव्हते. ‘०७’ कशावरही चालायचा आणि एकाच कीबोर्डवर दोघं खेळू शकायचे. या गोष्टीला परीक्षणात कुणी गुण देत नाही, पण हॉस्टेलमध्ये गेम जगतो तो यावरच.


शेवटची_लोकल

मी मुंबईत काही वर्षं गेमची परीक्षणं लिहिली आहेत. कुठे, ते महत्त्वाचं नाही. त्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो.

गेम बाजारात यायच्या काही दिवस आधी तो चालू करायचा कोड हातात येतो. अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही, अशी अट असते. ती वेळ झाली की सगळ्यांची परीक्षणं एकदम बाहेर पडतात, आणि त्या गर्दीत तुमचं नसेल तर कुणी वाचत नाही. मग चाळीस तासांचा ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात कुठेही फिरता येणारा, गेम आठवड्याच्या आत संपवायचा. जेवण, झोप, गेम. अशा वेळी पुनरावृत्ती कशी दिसते याचा विचार करा. शत्रूच्या छावण्या जिंकत जायचं काम असेल तर तीन दिवसांत सातवी छावणी आली की डोकं उठतं. तुम्ही शनिवार-रविवारी थोडं थोडं खेळता, सातवी छावणी दुसऱ्या महिन्यात येते, आणि तुम्हाला ती ओळखीची म्हणून बरीही वाटते. छावणी तीच, लिहिणाराही प्रामाणिक, पण वेग वेगळा. ‘मॅड मॅक्स’बद्दलचा मतभेद मला बराचसा याच कारणाने समजतो. वर तो गेम आला १ सप्टेंबर २०१५ ला, म्हणजे ‘मेटल गिअर सॉलिड ५’च्याच दिवशी. समीक्षकाच्या टेबलावर दोन्ही शेजारी होते. दोन वर्षांनी सेलमध्ये घेणाऱ्याच्या टेबलावर तो एकटाच होता.

दुसरं, समीक्षक गेम निवडत नाही, त्याला तो दिला जातो. खेळाडू ट्रेलर बघून, मित्राला विचारून, आपल्या आवडीचा आहे याची खात्री करून पैसे टाकतो. ज्याला झोंबी आवडत नाहीत तो ‘डेज गॉन’च्या वाटेलाच जात नाही. स्टीमवर तर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांच्या आत खेळून झालं असेल तर पैसे परत मिळतात. म्हणजे जे टिकून खेळतात ते आधीच चाळणीतून गेलेले असतात. त्यांचा कौल खरा आहे, पण तो राहिलेल्यांचा कौल आहे.

आणि आपण ‘समीक्षक’ म्हणतो तेव्हा ती काही एक जात नाही. २०१० चा ‘डेडली प्रीमोनिशन’ बघा. जपानी दिग्दर्शक स्वेरीचा गेम. परीक्षणं छापणाऱ्या संकेतस्थळांपैकी आयजीएनने त्याला दहापैकी २ दिले, डिस्ट्रक्टॉइडने दहापैकी १०. समीक्षकांत सर्वाधिक फूट पाडणारा सर्व्हायव्हल हॉरर गेम म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. मी तो खेळलोय. गाडी चालवणं म्हणजे शिक्षा, नकाशा निरुपयोगी, गोळीबार कंटाळवाणा. पण एफबीआयचा एजंट यॉर्क दाढी करायला विसरला तर त्याची दाढी वाढते, कपडे बदलले नाहीत तर भोवती माश्या घोंघावतात. ग्रीनव्हेल गावातला प्रत्येक माणूस आपल्या वेळेला उठतो, कामावर जातो, घरी येतो, आणि तुम्ही खिडकीतून डोकावून ते बघू शकता. लांबच्या रस्त्यावर गाडी चालवताना यॉर्क त्याच्या अदृश्य मित्राशी, झॅकशी, जुन्या सिनेमांबद्दल बोलत राहतो. गाडी वाईट आहे म्हणून रस्ता लांबतो, आणि रस्ता लांबतो म्हणून तो माणूस मला कळत गेला. दोन देणारा त्या गाडीत बसून वैतागला, दहा देणारा त्या गाडीत बसून ऐकत राहिला. मी दोघांनाही खोटं ठरवू शकत नाही.

मला खरा राग आहे तो आकड्याचा. आपण सगळे शाळेतल्या गुणपत्रिकेसारखं वाचतो, सत्तर म्हणजे जेमतेम. आणि या आकड्यावर लोकांचे पगार ठरलेत. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तरच बोनस मिळणार होता. मिळाले ८४. हे त्यांच्याच ख्रिस अॅव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. बग, म्हणजे तांत्रिक दोष, प्रचंड होते, समीक्षकांनी ते लिहिणं भागच होतं. पण आज त्या गेमचं नाव काढलं की लोक बगबद्दल बोलत नाहीत. गेममधल्या कोणत्या गटाची बाजू घेतलीस, का घेतलीस, यावर तासन्‌तास वाद घालतात.


संत्रानगरी

शेवटची_लोकल, छावण्यांचं तुम्ही लिहिलंत ते अगदी पटलं. मी ‘डेज गॉन’वालीच आहे.

दादाने त्याचा जुना प्लेस्टेशन ४ मला दिला, गेम सेलमध्ये घेतला. तोवर सुरुवातीच्या तांत्रिक तक्रारींवर पुष्कळ पॅच येऊन गेले होते, म्हणजे समीक्षकांनी जो खेळला तो मी पाहिलाच नाही. राहिलेल्या तक्रारी खऱ्या आहेत. सुरुवात फार संथ, गोष्ट गरजेपेक्षा लांब, कामं तीच तीच.

माझ्यासाठी तो गेम म्हणजे नायक डीकनची मोटरसायकल. सुरुवातीला टाकी एवढीशी. पेट्रोल कुठे मिळेल याचा विचार केल्याशिवाय निघता येत नाही. बाइक ठोकली तर भंगार गोळा करून दुरुस्त करा. परीक्षणात याला ‘कटकट’ म्हटलेलं मी वाचलंय. मला त्या कटकटीमुळेच नकाशा खरा वाटला. प्रत्येक पंप, प्रत्येक बोगदा लक्षात राहिला, कारण तिथे कधीतरी अडकले होते. लेक झोपली की अर्धा-पाऊण तास मिळायचा. तेवढ्यात एक फेरी : निघायचं, एक काम करायचं, परत यायचं. गेम जणू तेवढ्याच वेळेसाठी बनवला होता. मेच्या महिन्यात नागपुरात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात, आणि पडद्यावर ओरेगॉनचा पाऊस आणि बर्फ!

आणि ती झुंड. जुन्या सॉ मिलपाशी शेकडो फ्रीकर, म्हणजे तिथले झोंबी, एकदम अंगावर येतात. आधी दिवसा जाऊन पाहणी केली, कुठे स्फोटक पिंपं आहेत, कुठल्या फटीतून मी निघेन पण ते अडकतील. मग रात्री गेले. हरले, परत आखणी केली. ज्या दिवशी जिंकले त्या दिवशी हात थरथरत होते बाप्पा. ही झुंड गोष्टीत फार उशिरा येते. घाईत असलेल्याने तोवर मत बनवलेलं असणार, यात मला आश्चर्य वाटत नाही.


टोमणे_नकोत

उलटं उदाहरण. सायबरपंक २०७७, डिसेंबर २०२०. इथे समीक्षक वर आणि खेळाडू खाली. आधी परीक्षणासाठी मिळाली ती पीसीची आवृत्ती, मेटाक्रिटिकवर ८६. जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रांवर, लोकांना काय मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला, तो जून २०२१ मध्ये परत आला. मतभेद नेहमी आवडीचा नसतो, कधी कधी यंत्राचा असतो. परीक्षण वाचताना ते कुठल्या यंत्रावर खेळून लिहिलंय हे मी तेव्हापासून पहिल्यांदा बघतो.


पेठेतली

मला ‘राजी’बद्दल लिहायचंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, लक्ष्य गाठलं नाही, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला, नंतर इतरत्र. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट इंडी (छोट्या स्वतंत्र स्टुडिओच्या) गेमसाठी नामांकन मिळालं.

परीक्षणांत काय होतं? लढाई ढिली, गेम छोटा, शेवट अचानक. मी शब्दन्‌शब्द मान्य करते. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला राजी निघते, आणि आता खरी गोष्ट सुरू होणार असं वाटतं तिथेच पडदा पडतो. मी पैसे देऊन घेतला होता, मला तो शेवट आवडला नाही, आजही नाही.

पण भाचीला मांडीवर घेऊन खेळत होते. दुर्गा आणि विष्णू वरून या मुलीकडे बघत आपसांत बोलतात, गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढे सरकते, भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की देवांच्या कथा ऐकू येतात. भाची प्रत्येक भिंतीपाशी थांबवायची. जी कथा तिने आजीकडून ऐकलेली, ती कंट्रोलर हातात असताना समोर आली. परदेशातल्या समीक्षकाला हा भाग ‘देखणा’ वाटला आणि त्याने तसं लिहिलंही. त्याच्याकडे ती आजी नव्हती, एवढंच.

एक मात्र ठामपणे लिहिते. आपल्या गावचा म्हणून गुण वाढवून द्या असं म्हणणाऱ्यांच्या मी विरोधात आहे. त्या मुलांनी जगाच्या बाजारात गेम उतरवला, तेव्हा लढाई ढिली आहे हे त्यांना जगाने सांगायलाच हवं. मला आवडला हे मी सांगीन, आणि कमी गुण देणाऱ्याच्या अंगावर मी जाणार नाही. २०२० च्या जूनमध्ये ‘द लास्ट ऑफ अस २’ आल्याबरोबर हजारो लोकांनी शून्य गुणांचा मारा केला होता. एवढा लांबलचक गेम तेवढ्या वेळात संपणंही शक्य नव्हतं. नंतर मेटाक्रिटिकला वापरकर्त्यांचे गुण थोडे उशिराने सुरू करावे लागले. ज्यांनी मनापासून खेळून नापसंती लिहिली त्यांचाही आवाज त्यात बुडाला.


रूरकाठ

जर्मनीतल्या एसेनमध्ये राहतो. इथल्याच पिरान्हा बाइट्स स्टुडिओचा गेम ‘गॉथिक’, २००१ चा. ऑफिसमधले माझ्या वयाचे जर्मन सहकारी त्यावर जीव टाकतात, पोलंडचे तर त्याहून जास्त. इंग्रजी परीक्षणांत मात्र त्याच्या नियंत्रणांवर कडक टीका आहे. का ते सुरू केल्या केल्या कळतं : जमिनीवरची वस्तू उचलायला कीबोर्डवरची कंट्रोल कळ दाबून वरचा बाण दाबायचा. तलवारही तशीच.

पण त्या जगात तुम्ही कुणी नसता. नायकाला नावसुद्धा नाही. जादूच्या घुमटाखालच्या कैद्यांच्या वसाहतीत तुम्हाला टाकलेलं असतं, नकाशाही विकत घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या झोपडीत शिरलात तर तो हाकलतो, ऐकलं नाही तर झोडपून तुमचे पैसे काढून घेतो. रात्री लोक शेकोटीला बसतात, मग झोपतात. परक्या देशात नवीन आलेलो असताना मी तो खेळलो. प्रत्येक दाराशी ‘तू कोण’ हा प्रश्न, आणि हळूहळू चार ओळखीचे चेहरे. चाचपडणारी ती बोटं मला त्या अनुभवाचाच भाग वाटली. पण पहिल्या संध्याकाळी बंद केला असता तर मी टीकाच लिहिली असती. २०२४ मध्ये तो स्टुडिओ बंद झाला तेव्हा कँटीनमध्ये अख्खं टेबल त्यावरच बोलत होतं.


दहा_मिनिटांची_मजा

एक गोष्ट राहतेय. दोष असले की गेम आपोआप लाडका होत नाही. ट्रकच्या शर्यतीचा २००३ चा ‘बिग रिग्ज’ : समोरचा ट्रक जागचा हलत नाही, डोंगरावर पूर्ण वेगाने चढता येतं, पुलातून आरपार जाता येतं, रिव्हर्समध्ये वेगाला मर्यादाच नाही. मेटाक्रिटिकवर शंभरापैकी ८. मित्रांनी मिळून थोडा वेळ हसलो आणि पुन्हा कधी लावला नाही. तिथे दोषांच्या मागे बघायला काहीच नाही.


बग_नोंदवही

मी पुण्यात गेम टेस्टिंग करतो, कंपनीचं नाव देत नाही. वरचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

गेममधले दोष बनवणाऱ्यांना माहीत नसतात असा एक समज आहे. बहुतेक माहीत असतात. आम्ही ते नोंदवतो, तीव्रतेप्रमाणे लावतो : गेम बंद पाडणारे, काम अडवणारे, नुसते डोळ्यांना खुपणारे. मग तारीख जवळ येते आणि यादीच्या मध्ये एक रेघ ओढली जाते. रेघेखालचं सगळं तसंच बाहेर जातं. आणि रेघेखाली सगळ्यात जास्त नोंदी राहतात त्या महत्त्वाकांक्षी गेमच्या. पात्रांना दिनक्रम दिला, गोष्टीला दहा फाटे दिले, की तुटायच्या जागाही तेवढ्या वाढतात. एका सरळ बोळातून पळवणारा गेम गुळगुळीत करणं सोपं आहे.

माझं उदाहरण ‘व्हॅम्पायर : द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’. १६ नोव्हेंबर २००४ ला, ‘हाफ-लाइफ २’च्याच दिवशी बाजारात आला, खूप अर्धवट अवस्थेत. बनवणारा ट्रॉयका स्टुडिओ २००५ मध्ये बंद पडला. समीक्षकांनी लिहिलं की उत्तरार्ध घाईत गुंडाळलाय, गटारांचा भाग सोसवत नाही. टेस्टर म्हणून मी त्याहून कडक शब्द वापरले असते. पण मॅलकेव्हियन कुळाचं पात्र घेतलं तर तुमचे सगळे संवादच वेडसर होतात, रस्त्यावरचा ‘थांबा’चा फलकसुद्धा तुमच्याशी हुज्जत घालतो. कुणी मागितलं नसताना एवढं लिहिणारी माणसं त्या स्टुडिओत होती. व्हेर्नर श्पाल नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं त्या गेमचा अनधिकृत पॅच सुधारत बसलाय, पगाराशिवाय.

समीक्षकांकडे माझं एकच मागणं आहे, शेवटची_लोकल यांनी त्यावर जरूर लिहावं. पॅचने जाईल असा दोष आणि कधीच न जाणारा दोष, हे परीक्षणात वेगळे करून लिहा. क्रॅश होतो हे सांगाच, ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्याचा तो हक्क आहे. पण संवाद पोकळ आहेत, जग मेलेलं आहे, हे वेगळ्या परिच्छेदात येऊ दे. आमच्या यादीत पोकळ संवादाची नोंद करायला रकाना नसतो. ते फक्त तुम्हीच लिहू शकता.